रक्ताचा थेंब आणि परळचे आवार
मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची वाटचाल

मुंबईत १८३२ च्या जून महिन्यात कुत्र्यांवरून दंगल झाली. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायची, असा कंपनी सरकारचा हुकूम होता. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळे, आणि त्या वर्षी हुकमाची मुदतही वाढवली गेली. बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळीव कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले. ६ जूनला फोर्टातले पारशी रस्त्यावर उतरले. मृतावर अखेरची नजर कुत्र्याची पडावी, असा सगदीदचा विधी त्यांच्या धर्मात आहे. त्यामुळे हा त्यांना निव्वळ भूतदयेचा प्रश्न वाटला नाही. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही त्यात सामील झाले, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली. सरकारने धरपकड केली, खटले भरले. पण त्यातून एक गोष्ट उभी राहिली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ सुरू झाली.

सरकारी दप्तरात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा इतिहास २ ऑगस्ट १८८६ पासून सुरू होतो. २०२६ मध्ये त्याला १४० वर्षे पूर्ण होतात. पण या संस्थेच्या पायाचा दगड शोधायचा तर तो सरकारच्या नव्हे, शहराच्या हातचा निघतो. पांजरापोळीने आजारी, म्हाताऱ्या जनावरांना आसरा दिला. उपचाराची सोय तिथे बेताचीच होती. १८७४ मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारी मंडळी स्थापन झाली, आणि रस्त्यात मार खाणाऱ्या बैलाला सोडवल्यावर पुढे न्यायचे कुठे, हा प्रश्न तिच्यापुढे आला. त्याचे उत्तर दिनशा माणेकजी पेटिट या गिरणीमालकाने दिले. परळला जागा आणि इमारती देऊन त्यांनी पत्नीच्या नावाने रुग्णालय उभे केले, तेच आजचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशु रुग्णालय. महाविद्यालय निघाले ते या रुग्णालयाच्या आवारात. आधी रुग्ण, मग विद्यार्थी, हा क्रम परळच्या स्वभावात मुरला आहे. लाहोरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय याच्या चार वर्षे आधीचे, १८८२ चे. पण त्याची नजर मुख्यतः लष्करी घोड्यांवर होती. परळच्या दारात मात्र पहिल्या दिवसापासून शहर उभे होते.

आणि शहर म्हणजे त्या काळी घोडे आणि बैल. ९ मे १८७४ ला मुंबईत ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते. गोदीतून गिरणीकडे कापसाच्या गासड्या वाहणारे बैल, व्हिक्टोरियाचे घोडे, गोठ्यांतल्या म्हशी, हे परळचे नेहमीचे रोगी. लंगडणे, खांद्याच्या जखमा, पोटशूळ, ग्लँडर्स. कुत्रा यायचा तो बहुधा साहेबाचा किंवा पारशी घरातला. मांजर जवळजवळ नाहीच.

पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजात शिकवण्याचे काम केलेला हा माणूस लष्करी पशुवैद्य म्हणून हिंदुस्थानात आला, आणि आल्या आल्या त्याने फ्रेडरिक स्मिथ यांच्यासह पशुवैद्यकाचे त्रैमासिक काढले. परळला येण्याच्या आदल्या वर्षी, १८८५ मध्ये, सरकारने त्यांना ब्रह्मदेशात पाठवले होते. तिथे लष्कराची मालवाहू खेचरे एका गूढ रोगाने झिजून मरत होती. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. जनावर खात राहायचे तरी सुकत जायचे. स्टील यांनी खेचरांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. लाल पेशींच्या गर्दीत वळवळणारे काहीतरी दिसले. पाच वर्षांपूर्वी ग्रिफिथ इव्हान्स यांनी डेरा इस्माइल खानला घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात हाच जीव पाहिला होता आणि 'सर्रा' रोगाचे कारण तोच, असे ठामपणे लिहिले होते. वरिष्ठांनी ते मानले नव्हते. स्टील यांनी मानले. त्या जीवाला त्यांनी इव्हान्स यांचे नाव दिले, पण तो स्पायरोकीट, म्हणजे मळसूत्राच्या आकाराचा जिवाणू आहे, असे ठरवले.

तो जिवाणू नव्हता. तो ट्रिपॅनोसोमा होता, चाबकासारखी शेपटी असलेला एकपेशीय परजीवी. काही वर्षांतच ती दुरुस्ती झाली. स्टील यांचा अंदाज मात्र हवेतला म्हणता येणार नाही. १८७७ च्या दुष्काळात मुंबईत आलेल्या भुकेल्या लोकांमध्ये असाच उलटून येणारा ताप पसरला होता, आणि त्यांच्या रक्तातला मळसूत्री जिवाणू ग्रँट मेडिकल कॉलेजच्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी दाखवला होता. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १८८२ चा. उलटणारा ताप आणि रक्तात वळवळ, एवढे जुळल्यावर कोणीही वैद्य त्याच दिशेला वळला असता. शास्त्रीय नावाच्या पुढे प्रथम वर्णन करणाऱ्याचे नाव देण्याची पद्धत आहे. त्यामुळे ट्रिपॅनोसोमा इव्हान्सायच्या पुढे आजही 'स्टील, १८८५' असे छापले जाते. वर्ग चुकला तरी पाहणे खरे होते, म्हणून नाव टिकले. स्टील स्वतः फार जगले नाहीत. १८९१ मध्ये, चाळिशीही न गाठता, ते गेले. ब्रिटनच्या पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेजने त्यांच्या स्मरणार्थ पदक ठेवले. परळला ते जेमतेम पाच वर्षे होते.

सर्रा हा काही इतिहासजमा रोग नव्हे. टॅबॅनस जातीच्या चावऱ्या माश्या तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात, हे लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ मध्ये दाखवले. कुत्र्याला झाला तर ताप येतो, पाय आणि चेहरा सुजतो, आणि डोळ्याचे बुबुळ निळसर-पांढरे पडते. नवख्या डॉक्टरचे लक्ष डोळ्याकडेच जाते, तो डोळ्याचे थेंब देतो आणि रोग रक्तात वाढत राहतो. ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात जुलै २००० मध्ये बारा वाघ दगावले, ते याच रोगाने.

माणसाला मात्र तो होत नाही, असे सगळी पाठ्यपुस्तके सांगत. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातला एक शेतकरी अधूनमधून येणाऱ्या तापाने आजारी पडला. मलेरिया शोधण्यासाठी रक्ताची काचपट्टी पाहिली तर तिच्यावर ट्रिपॅनोसोमा. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात निदान झाले, जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ आले, आफ्रिकेतल्या निद्रारोगावर वापरतात ते सुरामिन मागवले गेले आणि रुग्ण बरा झाला. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय माणसात पक्के सिद्ध झाल्याचे ते जगातले पहिले प्रकरण. शोधनिबंध २००५ मध्ये आला. मग प्रश्न उरला की याच शेतकऱ्याला का? निरोगी माणसाच्या रक्तद्रवात एपीओएल-१ नावाचे प्रथिन असते आणि ते हा परजीवी फोडून टाकते. या शेतकऱ्याला आईकडून आणि वडिलांकडून मिळालेल्या दोन्ही जनुकांत बिघाड होता, त्यामुळे ते प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतेच. हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. गुरांच्या रोगाचा अभ्यास माणसांच्या डॉक्टरांना कधी लागेल, याचा नेम नसतो. विदर्भाने ते जगाच्या आधी पाहिले.

महाविद्यालयाचा पहिला अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. उत्तीर्ण होणाऱ्याला 'जी. बी. व्ही. सी.' ही पदविका मिळे, आणि मुंबई इलाख्यातल्या जुन्या पशुवैद्यांच्या पाट्यांवर ही चार अक्षरे मोठ्या दिमाखात असत. लोक तरीही त्यांना 'ढोर डॉक्टर'च म्हणत. या पदविकाधारकांचे आयुष्य बहुतांशी गुरांच्या साथींत गेले. घटसर्प, फऱ्या, लाळ्या खुरकूत, आणि या सगळ्यांवर मात करणारी बुळकांडी. गावातल्या गोठ्यांमागून गोठे ओस पाडणारी ही साथ समजून घेण्यासाठी सरकारने ९ डिसेंबर १८८९ ला पुण्यात जिवाणुशास्त्राची प्रयोगशाळा काढली, ती १८९३ मध्ये कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला हलवली, आणि तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. पुण्याने ही संस्था चार वर्षांतच गमावली, याची हळहळ जुन्या मंडळींच्या बोलण्यात असे. बुळकांडीचे पुढे काय झाले ते सांगायला हवे: भारत २००६ मध्ये तिच्यापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये ती जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग. त्यामागे परळच्या किती पिढ्यांची पायपीट आहे, हे मोजायला कोणी बसले नाही.

मराठवाड्यातल्या, उदाहरणार्थ वेरूळच्या, गुरांना आणि कुत्र्यांना परळचा उपयोग होण्यास मात्र बराच काळ जावा लागला, आणि त्याचे कारण वैद्यकीय नव्हते. वेरूळ निजामाच्या राज्यात. तिथल्या तरुणाला पशुवैद्य व्हायचे तर त्याचे तोंड हैदराबादकडे असे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपल्यानंतरही मराठवाडा आठ वर्षे हैदराबाद राज्यातच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि कागदोपत्री परळचे महाविद्यालय वेरूळकरांचेही झाले. परळ तरीही साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास दूर. नागपूरला १९५८ मध्ये आणि परभणीला १९७२ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालये निघाली. १९७२ म्हणजे मराठवाड्याच्या आठवणीतले दुष्काळाचे साल. परभणीच्या महाविद्यालयाचा जन्म जनावरांच्या छावण्यांच्या काळातला. नंतर उदगीर, शिरवळ. या सगळ्या महाविद्यालयांवर २००० पासून नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे छत्र आहे. त्याआधी परळ मुंबई विद्यापीठाकडे आणि मग दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे होते. प्रशासनाची ही स्थलांतरे कर्मचाऱ्यांच्या सेवापुस्तकांत महत्त्वाची. रुग्णालयाच्या ओट्यावर त्यांचा फरक कमीच पडला.

ओट्यावरचा फरक पडला तो कुत्र्यामुळे. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, ट्रामचे घोडे गेले, मग मोटारी आल्या, गोठे शहराबाहेर आरेला गेले. व्हिक्टोरिया उरल्या होत्या, त्यांवरही २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी घातली. या शंभर वर्षांत परळच्या दारातली रांग हळूहळू बदलत गेली. आज तिथे लॅब्रेडॉर असतो, पोमेरेनियन असतो, कोणीतरी पोत्यात गुंडाळून आणलेले रस्त्यावरचे पिल्लू असते, आणि पिशवीत डोके खुपसून बसलेली मांजर असते.

या रोग्यांचे निदान घोड्यापेक्षा सोपे असेल, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा आहे. बैलाचा मालक जनावर दिवसभर राबवतो, त्यामुळे बैलाचे बिनसले की त्याला त्याच दिवशी कळते. फ्लॅटमधला कुत्रा चार दिवस कमी जेवला तर घरचे म्हणतात, उन्हाळा आहे. तोवर हिरड्या पांढऱ्या पडलेल्या असतात आणि लघवी चहाच्या रंगाची झालेली असते. गोचीडताप. मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात वॉल्टर स्कॉट पॅटन यांनी १९१० मध्ये या तापाचा एक परजीवी, बबेसिया गिब्सोनाय, प्रथम दाखवला, आणि मग तोच त्यांना कोल्ह्यांतही सापडला. हेपॅटोझून कॅनिस त्याआधी, १९०५ मध्ये, आसामातल्या कुत्र्यांत सापडला होता. त्याचा संसर्ग गोचीड चावल्याने होत नाही, कुत्र्याने ती खाल्ल्याने होतो. एर्लिकिया कॅनिस १९३५ मध्ये अल्जीरियात. कुत्र्यांच्या रक्तातल्या परजीवींच्या जागतिक यादीत हिंदुस्थानातल्या काचपट्ट्या अशा पहिल्या पानावर आहेत, आणि इतके असूनही बबेसिया कित्येक वर्षे 'दुर्मिळ' या सदरात राहिला, कारण रक्ताची काचपट्टी, म्हणजे स्मिअर, पाहण्याआधीच प्रतिजैविकाची सुई दिली जाई. दुर्मिळ म्हणून गणलेल्या रोगांपैकी बरेच असे न पाहिलेले असतात.

स्मिअर घेण्याची परळची शिकवण जुनी आणि साधी: कानाच्या टोकावरून पहिला थेंब घ्यायचा, कारण परजीवी असलेल्या पेशी बारीक केशवाहिन्यांत अडकून राहतात. शिरेतून काढलेल्या रक्तात तेच परजीवी सापडायला अर्धा तास लागू शकतो. गिब्सोनाय फार लहान, अंगठीच्या आकाराचा. मोठ्या बबेसियावर चालणारे डायमिनाझीन त्याच्यावर नीट चालत नाही. परदेशात ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन देतात, आपल्याकडे ॲटोव्हाक्वोन महाग पडते म्हणून क्लिंडामायसिन, मेट्रोनिडाझोल आणि डॉक्सिसायक्लिन अशी त्रयी रूढ झाली. म्हणजे कोणता बबेसिया, हे कळल्याशिवाय औषध ठरत नाही.

आकड्यांचेही तसेच. रक्ताचा रिपोर्ट यंत्रातून छापून येतो आणि बाजूला 'नॉर्मल' किती ते लिहिलेले असते. ते नॉर्मल कोणाचे? ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या जातींत लाल पेशींचे प्रमाण, म्हणजे पीसीव्ही, मुळातच जास्त असते. साठ टक्के पीसीव्ही हे लॅब्रेडॉरमध्ये अंगातले पाणी आटल्याचे लक्षण, ग्रेहाउंडमध्ये निरोगीपणाचे. थायरॉइडचे टी-४ उलट कमी असते. लातूरकडच्या जानवळसारख्या गावांत सांभाळलेल्या पश्मी आणि कारवानी या धावणाऱ्या कुत्र्यांचा रिपोर्ट वाचताना मुंबईच्या लॅब्रेडॉरच्या आकड्यांवर विसंबून थायरॉइडच्या गोळ्या सुरू करणे, ही चूक सहज होऊ शकते. याच जातींत भुलीची काही औषधेही शरीरातून हळू उतरतात.

मांजराने तर पाठ्यपुस्तकेच बदलायला लावली. मांजरांतल्या एका रक्तक्षयाचे कारण हिमोबार्टोनेला फेलिस नावाचा जीव, असे परळच्या दोन पिढ्या शिकल्या. लाल पेशीच्या काठाला चिकटलेले ठिपके. प्रयोगशाळेच्या बशीत तो कधीच वाढला नाही, त्यामुळे त्याची ओळख केवळ दिसण्यावर अवलंबून. १९९० नंतर त्याच्या १६-एस या जनुकाचे वाचन झाले आणि तो मायकोप्लाझ्मा निघाला. सर्व जिवाणूंत असणारे हे जनुक जिवाणूंचे कूळ सांगते. त्यावरून जीवसृष्टीची नवी मांडणी कार्ल वोज यांनी १९७७ मध्ये केली होती. ज्यांना वाढवता येत नाही त्यांना ओळखण्याची ती वाट. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात २००९ पासून सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे, आणि तिथे ओळख पटवण्याचे रोजचे काम याच जनुकावर चालते.

मांजराचा दुसरा रोग म्हणजे एफआयपी. पोटात गवताच्या रंगाचे, तार धरणारे पाणी साचते. अमेरिकेत १९६३ मध्ये त्याचे वर्णन झाले. कारण कोरोना विषाणूचा एक प्रकार. यंत्रे नसलेल्या दवाखान्यातही त्याचा संशय पक्का करण्याची एक युक्ती आहे, रिव्हाल्टा या इटालियन वैद्याची: परीक्षानळीत ऊर्ध्वपातित पाणी, त्यात तीव्र ॲसेटिक ॲसिडचा एक थेंब, आणि वरून पोटातल्या पाण्याचा एक थेंब. तो विरघळला तर एफआयपीची शक्यता फारच कमी. तसाच लोंबत राहिला किंवा जेलीसारखा तळाला गेला तर संशय बळावतो. खर्च काही पैशांचा. २०१९ पर्यंत या निदानानंतर मालकाला मन घट्ट करायला सांगण्यापलीकडे डॉक्टरच्या हाती काही नसे. त्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या नील्स पेडरसन यांनी जीएस-४४१५२४ या औषधाचे परिणाम प्रसिद्ध केले: नैसर्गिकरीत्या एफआयपी झालेल्या ३१ मांजरांपैकी २५ दीर्घकाळ वाचली. औषध न्यूक्लिओसाइड वर्गातले, विषाणूला त्याच्या जनुकाची नक्कल करताना फसवणारे.

या वर्गाची पूर्वकथा समुद्रतळाशी जाते. १९५० च्या सुमारास फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून काढलेल्या एका स्पंजात वर्नर बर्गमन यांना नेहमीपेक्षा वेगळी साखर असलेले न्यूक्लिओसाइड मिळाले. त्या धर्तीवर रसायनशास्त्रज्ञांनी सायटॅराबिन बनवले, आणि १९६९ पासून ते माणसांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाते. परळच्या किंवा कोणत्याही मोठ्या शहरातल्या पशुवैद्याला ते लागते वेगळ्या कारणासाठी. २००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला आणि मुंबई-पुण्यात घरोघर पग आले. पगमध्ये मेंदूला सूज येऊन मेंदूचा भाग मरण्याचा एक आजार असतो. तरुण कुत्र्याला अचानक झटके येऊ लागतात, ते गोल गोल फिरू लागते, भिंतीला डोके टेकवून उभे राहते. रेबीज, डिस्टेंपर, विषबाधा, सगळ्यांचा संशय येतो. एमआरआय आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्याची तपासणी केल्याशिवाय अंदाज बांधता येत नाही, आणि पूर्ण खात्री मेंदूचा तुकडा पाहिल्यावरच, म्हणजे बहुधा मृत्यूनंतर. उपचारात स्टिरॉइडच्या जोडीला सायटॅराबिन देतात, दर तीन आठवड्यांनी, दोन दिवस. रोग दुर्मिळ होता. एका जाहिरातीने त्याचे रोगी वाढवले, असे म्हणायला जागा आहे.

स्पंज हा मुंबईला परका विषय नव्हे. महाविद्यालय निघण्याच्या जवळपास चाळीस वर्षे आधी हेन्री जॉन कार्टर नावाचे लष्करी शल्यवैद्य मुंबई बेटावरच्या तलावांत आणि टाक्यांत गोड्या पाण्यातले स्पंज गोळा करत होते. हे कार्टर वेगळे. दुष्काळातल्या तापावर काम करणारे कार्टर वेगळे, आणि दोघांच्या नावांत हेन्री असल्यामुळे पुस्तकांच्या सूचींत त्यांची नेहमी गल्लत होते. १८४९ मध्ये या कार्टर यांनी मुंबईच्या स्पंजांवर सविस्तर निबंध लिहिला. निवृत्तीनंतर इंग्लंडला गेले तरी जन्मभर ते स्पंजच पाहत राहिले. मुंबईतल्या एका स्पंजाला त्यांचे नाव आहे, युनापियस कार्टेराय. तो महाराष्ट्रातल्या तलावांत आजही सापडतो.

कार्टर यांना जे दिसणे शक्य नव्हते ते म्हणजे स्पंजाच्या आतले भाडेकरू. काही समुद्री स्पंजांच्या आकारमानाचा पस्तीस-चाळीस टक्के भाग जिवाणूंनीच भरलेला असतो, आणि त्यांतले बहुतेक प्रयोगशाळेत वाढत नाहीत. ज्या स्पंजातून बर्गमन यांनी न्यूक्लिओसाइड काढले, त्याच जातीच्या स्पंजातला एक जिवाणू, व्हिब्रिओ हार्वेयी, त्या कुटुंबातला स्पंजोसिन हा पदार्थ स्वतः बनवतो, असे २०१५ मध्ये दिसले. त्याच्या आदल्या वर्षी योर्न पील यांच्या गटाने थिओनेला या स्पंजातली डझनावारी रसायने एन्टोथिओनेला नावाच्या जिवाणूची असल्याचे दाखवले. औषध स्पंजाचे म्हणायचे की जिवाणूचे, असा तो प्रश्न. आपल्या किनाऱ्यावर गोव्यात दोना पावलाला असलेली, १ जानेवारी १९६६ ला स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्पंज आणि त्यांतल्या रसायनांवर अनेक वर्षे काम करते आहे. मांजराच्या लाल पेशीवरचा ठिपका आणि स्पंजाच्या पोटातला जिवाणू यांची ओळख एकाच जनुकाने पटते.

सगळी औषधे इतक्या लांबून येतात असेही नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांत मीलनातून पसरणारी जननेंद्रियांची गाठ, टीव्हीटी, हा संसर्गाने होणारा कर्करोग; त्याच्या पेशी कुत्र्याच्या स्वतःच्या नसतात, हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या त्या पेशी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जात राहिल्या आहेत. त्यावर व्हिन्क्रिस्टिनची आठवड्याला एक सुई, आणि बहुतेक रोगी बरे. व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतून निघते.

महाविद्यालयाचे नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येते ते मात्र वेगळ्याच रोग्यांमुळे. ऑक्टोबर २०१६ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत नव्याने आणलेल्या आठ हंबोल्ट पेंग्विनांपैकी एक मादी मेली, शवविच्छेदन परळच्या डॉक्टरांनी केले, आणि ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचा संसर्ग हे कारण पुढे आले. पेंग्विनवरून राजकारण तापले. शवविच्छेदन करणाऱ्यांपुढे मात्र तोच जुना क्रम होता: यकृत, फुप्फुस, आतडे, नमुने, कल्चर.

आता मुंबईत स्पर्धाही आहे, आणि ती चांगली गोष्ट आहे. जुलै २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा न्यासांचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. १६५ कोटी रुपये, ९८ हजार चौरस फूट, दोनशे खाटा. रतन टाटांच्या कुत्र्याला सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत मिनेसोटाला न्यावे लागले, तिथून या रुग्णालयाची कल्पना निघाली. तिथल्या यंत्रांशी बरोबरी करणे परळच्या सरकारी महाविद्यालयाला जड जाईल. परळची बाजू वेगळी आहे: त्या आवारात एकाच दिवशी बैल, पोपट, पिसाळल्याचा संशय असलेला कुत्रा आणि एफआयपीची मांजर पाहणारा विद्यार्थी तयार होतो, आणि तोच पुढे तालुक्याच्या दवाखान्यात बसतो.

तालुक्याच्या दवाखान्यात एमआरआय नसतो. वेरूळ-खुलताबाद भागातल्या पशुवैद्याकडे धनगराचा कुत्रा आला, आठ दिवस ताप, नाकातून रक्त, बुबुळ निळसर, तर त्याच्या हातात सूक्ष्मदर्शक, काही काचपट्ट्या आणि एक थर्मास असतो. पुढचा रस्ता जिल्ह्याला, परभणीला, पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाला किंवा परळला. नमुना नीट गेला तरच निदान नीट येते. पट्ट्या दोन करायच्या, हवेत वाळवायच्या, मिथेनॉलमध्ये बुडवून पक्क्या करायच्या आणि टोकाला पेन्सिलीने नाव-तारीख घालायची. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उडते. ईडीटीएच्या नळीतले रक्त बर्फाच्या पिशवीजवळ ठेवायचे, पण गोठू द्यायचे नाही. पट्ट्या बर्फाशेजारी ठेवायच्या नाहीत, ओल धरून पेशी फुटतात. आणि गाठीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये पाठवायचा असेल तर त्याची बाटली वेगळ्या डब्यात बांधायची, कारण फॉर्मेलिनच्या वाफेने पट्टीवरचे रक्त रंग घेत नाही. कुत्र्याच्या अंगावर गोचीड सापडली तर तीही सोबत, अल्कोहोलच्या छोट्या कुपीत.